शोल लेक ४०: विनिपेगला शंभर वर्षं पाणी देणारं आणि स्वतः चोवीस वर्षं बाटलीतलं पाणी प्यायलेलं गाव

कॅनडात मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओ या दोन प्रांतांच्या सीमेवर शोल लेक नावाचा मोठा तलाव आहे, आणि त्याच्या काठावर ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची एक छोटी वस्ती आहे, शोल लेक ४०. वस्तीत राहणारी माणसं अडीचशे-तीनशेच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एका वाडीएवढी. विनिपेग हे मॅनिटोबाचं राजधानीचं शहर १९१९ पासून याच तलावाचं पाणी पितं, २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती, आणि त्यात आपली मराठी कुटुंबंही आहेत जी रोज सकाळी याच पाण्याचा चहा करतात. आणि ज्या गावाच्या दारातून हे पाणी जातं त्या गावाला १९९७ पासून २०२१ पर्यंत, तब्बल चोवीस वर्षं, नळाचं पाणी न उकळता प्यायची सोय नव्हती. हे असं का झालं ते नीट समजून घ्यायचं तर करार, कायदा, कालवा, शाळा सगळंच बघावं लागतं, आणि मला वाटतं एवढ्या एका गावाची गोष्ट कळली की कॅनडातल्या रिझर्व्ह, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेल्या जमिनी, या प्रकाराची बरीचशी गुंतागुंत सुटते.

आधी माणसं कोण ते बघू. ओजिब्वे हे बाहेरच्यांमध्ये रूढ झालेलं नाव, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात. आपण शाळेपासून ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो त्यांच्यातलाच हा एक मोठा समाज, पण तो शब्द आता तिकडे कुणी वापरत नाही आणि आपणही वापरू नये. पंचमहासरोवरांच्या भोवती, कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे, त्यांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज पूर्वेकडच्या समुद्राकाठून निघून टप्प्याटप्प्याने पश्चिमेला आले, आणि या प्रवासाच्या खुणा भूर्जाच्या सालीवर कोरून ठेवायची पद्धत होती. शोल लेकचेच जेम्स रेडस्काय नावाचे एक वडीलधारे होते, पहिल्या महायुद्धात लढलेले, प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही मान असलेले आणि त्याच वेळी मिडेविविन या जुन्या धर्मपरंपरेचे जाणकार, त्यांच्याकडच्या सालीच्या गुंडाळ्या पुढे कॅलगरीच्या ग्लेनबो म्युझियममध्ये गेल्या. समाजाची रचना कुळांवर उभी आहे, कुळाला ते डोडेम म्हणतात, कुणाचं डोडेम अस्वल, कुणाचं क्रौंच पक्षी, कुणाचा मासा, आणि एका डोडेमची मुलं आपसात लग्न करत नाहीत, वडिलांकडून आलेलं डोडेम पुढे चालतं. आपल्याकडे देवक जुळलं तर सोयरीक होत नाही, तसंच काहीसं.

आता खाणंपिणं आणि कामधंदा, कारण याच्याशिवाय तलावाचं महत्त्व कळत नाही. या भागात सुपीक काळी जमीन नाही, सगळा खडक, पाइनची झाडं आणि हजारो तलाव. पिकतं काय तर पाण्यात, मनोमिन नावाचं एक उंच पाणगवत, त्याच्या लोंब्यांमधले लांब काळपट दाणे म्हणजे तिकडचा जंगली तांदूळ, आपल्या भातापेक्षा वेगळी जात. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये दोघंदोघं होडी घेऊन निघतात, एकजण मागे उभा राहून लांब काठीनं होडी ढकलतो, दुसरा बसून दोन हलक्या दांडक्या हातात घेतो, एकीनं लोंब्या होडीवर वाकवायच्या आणि दुसरीनं हळूच झोडायच्या, जोरात मारलं तर रोप मोडतं. पिकलेले दाणे होडीत पडतात, न पिकलेले तसेच राहतात म्हणून काही दिवसांनी परत फेरी मारायची, आणि जे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बियाणं. मग ते दाणे वाळवायचे, मोठ्या कढईत सतत हलवत भाजायचे, टरफल सुटावं म्हणून मऊ पायताण घालून खड्ड्यात पायानं तुडवायचे, आणि शेवटी भूर्जाच्या सालीच्या पसरट टोपलीत घेऊन वाऱ्यावर पाखडायचे. हे पीक पाण्याच्या पातळीवर फार अवलंबून असतं, जून-जुलैत पातळी अचानक वाढली तर कोवळी रोपं मुळासकट उपटून वर तरंगतात आणि वर्ष गेलं. म्हणजे ज्या समाजाचं शेत पाण्यात आहे, मासे पाण्यात आहेत, रस्ता पाण्यावरून आहे, त्याच्या तलावाला हात लावणं म्हणजे काय हे यावरून लक्षात येईल.

१८६०-७० च्या सुमारास कॅनडा सरकारला पश्चिमेकडे जायला वाट हवी होती, सुपीरियर सरोवरापासून रेड रिव्हरपर्यंत, आणि ती वाट अनिशिनाबे लोकांच्या मुलखातून जात होती. सरकारनं १८७१ आणि १८७२ मध्ये करार करायचा प्रयत्न केला, पण यांनी नकार दिला कारण देऊ केलेली रक्कम अगदीच तुटपुंजी होती आणि आपल्या मुलखाचं मोल त्यांना चांगलं माहीत होतं. शेवटी ३ ऑक्टोबर १८७३ ला लेक ऑफ द वूड्सच्या नॉर्थ वेस्ट अँगल या ठिकाणी ट्रीटी थ्री झाला, सरकारच्या बाजूनं अलेक्झांडर मॉरिस होते, अनिशिनाबेंच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रमुखांमध्ये मावेदोपेनेस यांचं नाव आघाडीवर आहे. मुलूख किती, तर साधारण ५५,००० चौरस मैल. बदल्यात प्रत्येक माणसाला एकदाच १२ डॉलर, दर वर्षी ५ डॉलर, पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या हिशोबानं राखीव जमीन, शाळा, शिवाय जाळ्यांचा दोरा आणि बंदुकीची दारू यासाठी वर्षाला १५०० डॉलर, आणि शिकारीचा, मासेमारीचा हक्क कायम. ते ५ डॉलर आजही दिले जातात, दरवर्षी एक दिवस ठरतो, लाल कोटातले पोलीस आणि सरकारी कारकून टेबल मांडून बसतात आणि रांगेनं प्रत्येकाला नोट मिळते. महागाईप्रमाणे त्यात एक सेंटसुद्धा वाढ नाही. तरी लोक रांगेत उभे राहतात कारण ती नोट म्हणजे करार जिवंत असल्याची वर्षाची पावती आहे, पैशाचा भाग त्यात फार थोडा आहे.

या कराराची दुसरी बाजूही आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. वाटाघाटी चालल्या होत्या तेव्हा अनिशिनाबेंनी आपल्या बाजूनंही टिपणं लिहून घेतली होती, ती पुढे पेपॉम दस्तऐवज म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि त्यात शिकारीबरोबर भाताच्या कापणीचं स्वातंत्र्य पूर्वीसारखंच राहील असं आहे. सरकारी छापील करारात भाताचा उल्लेखच नाही. म्हणजे तिथे बसून जे बोलणं झालं ते आणि ओटावाला, म्हणजे देशाच्या राजधानीला, जाऊन जे छापलं गेलं ते, यात फरक पडला, आणि पुढची दीडशे वर्षं भांडण जे चाललंय ते या फरकावरच.

तर रिझर्व्ह म्हणजे ही राखीव जमीन. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सरकारनं यांना फुकट जमीन दिली, प्रत्यक्षात सगळा मुलूख त्यांचा होता आणि त्यातला हा छोटासा तुकडा त्यांच्याकडे उरला. त्यातही गोम अशी की रिझर्व्हची जमीन कायद्यानं राजसत्तेच्या, म्हणजे सरकारच्या, नावावर असते, लोकांच्या वापरासाठी राखलेली. त्यामुळे घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढायचं म्हटलं तर सरळ मार्गानं ते होत नाही, धंदा सुरू करायला भांडवल उभं राहत नाही, आणि घरं बांधायची तर बहुतेक वेळा बँड कौन्सिलला, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या पंचांना, ओटावाच्या निधीची वाट बघत बसावं लागतं. शिवाय रस्ता, पाणी, दवाखाना या गोष्टी बाकी कॅनडात प्रांत आणि नगरपालिका बघतात, रिझर्व्ह मात्र केंद्राकडे, मग प्रांत म्हणतो आमचा संबंध नाही आणि केंद्र म्हणतं पैसे नाहीत. शोल लेक ४० तर दोन प्रांतांच्या सीमेवरच बसलेलं, त्यामुळे टोलवाटोलवीला आणखी एक हात वाढला.

या सगळ्यावर १८७६ चा इंडियन अॅक्ट. या एका कायद्यानं कोण इंडियन आणि कोण नाही हे सरकार ठरवायचं, परक्याशी लग्न केलेल्या बाईचा दर्जा काढून घेतला जायचा (हे १९८५ पर्यंत चाललं), अनेक विधी आणि नृत्यांवर बंदी आली, आणि केंद्रातल्या निवडणुकीत दर्जा न सोडता मत द्यायचा हक्क थेट १९६० मध्ये मिळाला. त्यातलं एक कलम लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे: १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वकील करायला सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हाच गुन्हा होता.

आता विनिपेगकडे वळू. विसावं शतक सुरू झालं तेव्हा हे शहर झपाट्यानं वाढत होतं, १९०१ मध्ये ४२,००० च्या आसपास असलेली लोकसंख्या १९११ मध्ये १,३६,००० झाली, आणि पाणी कमी पडायला लागलं. जे होतं ते जड आणि घाण, १९०४-०५ मध्ये टायफॉइडनं थैमान घातलं. शहराची गरज खरी होती, लहान मुलं मरत होती, हे मी मुद्दाम सांगतोय कारण या गोष्टीत शहरातल्या सामान्य माणसाला खलनायक करून काही कळत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स स्लिक्टर यांनी १९१२ मध्ये शोल लेकची शिफारस केली, थॉमस डीकन नावाचे इंजिनिअर याच मुद्द्यावर महापौर झाले, १९१३ मध्ये ग्रेटर विनिपेग वॉटर डिस्ट्रिक्ट स्थापन झालं. तलाव शहरापेक्षा सुमारे ९० मीटर उंचावर, म्हणजे पंप नको, उतारानंच पाणी येणार, आणि त्यासाठी काँक्रीटची जवळजवळ १५६ किलोमीटर लांब बंदिस्त नाली बांधली गेली. दलदलीतून, जंगलातून, त्या काळातल्या अवजारांनी. बांधकामाचं सामान न्यायला आधी स्वतंत्र रेल्वे टाकली. शोल लेक ज्याला जोडलेला आहे त्या लेक ऑफ द वूड्सचं पाणी अमेरिकेच्या हद्दीलाही लागतं म्हणून दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाची परवानगी लागली, ती १९१४ मध्ये मिळाली, दिवसाला १० कोटी गॅलनपर्यंत पाणी घ्यायची. १९१९ मध्ये पाणी शहरात पोचलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते उद्घाटन झालं. अभियांत्रिकी म्हणून काम खरोखर थक्क करणारं आहे आणि शंभर वर्षांनंतरही ती नाली चालू आहे.

पण ज्या जागी पाणी आत घ्यायचं होतं, ती इंडियन बे नावाची खाडी, तिथे गाव होतं. शोल लेक ४० ची सुमारे ३००० एकर जमीन, त्यात गावठाण आणि पूर्वज पुरलेली जागासुद्धा, ओटावाच्या इंडियन अफेअर्स खात्यानं शहराला देऊन टाकली, मोबदला सगळा मिळून १५०० डॉलरच्या आसपास. सरासरी काढली तर एकराला अर्धा डॉलर. गावाची संमती लागत नव्हती, कायद्यातच तशी सोय होती. लोकांना शेजारच्या द्वीपकल्पावर सरकवलं गेलं.

आणि मग आली ती गोष्ट, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. इंडियन बे मध्ये फाल्कन नावाची नदी येऊन मिळते, ती दलदलीतून येते त्यामुळे तिचं पाणी चहाच्या रंगाचं, वासाचं. शहराला स्वच्छ पाणी हवं होतं, म्हणून इंजिनिअरांनी खाडीत आडवा बांध घातला आणि नदीचं गढूळ पाणी वळवण्यासाठी द्वीपकल्प कापून कालवा खणला, तो दुसऱ्या बाजूच्या स्नोशू बे मध्ये सोडला. कागदावर उत्तम उपाय. पण ज्या द्वीपकल्पावर लोकांना नुकतंच सरकवलं होतं तेच या कालव्यानं मुख्य जमिनीपासून तुटलं आणि एक बेट तयार झालं. निसर्गानं नाही केलेलं, फावड्यानं केलेलं बेट. आणि नदीचं जे पाणी शहराला नको होतं ते गावाच्या बाजूला आलं. माझ्या मते या गावाबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही. दुर्गम भाग म्हणून तिथे सोयी नाहीत असं जे सरसकट म्हटलं जातं ते इथे साफ खोटं आहे, हा दुर्गमपणा बांधलेला आहे, त्याची तारीख आहे, नकाशा आहे, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. ट्रान्स-कॅनडा हायवे तिथून फक्त २४ किलोमीटरवर आहे! आणि दाद मागायची तर १९२७ ते १९५१ वकिलासाठी पैसे जमवणं गुन्हा.

बेटावर राहणं म्हणजे रोजचं काय होतं ते सांगतो. उन्हाळ्यात बोट किंवा बार्ज, म्हणजे सामान आणि गाड्या नेणारी सपाट तळाची होडी, हिवाळ्यात तलाव गोठला की बर्फावरून गाड्या. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्फ धरत असतो आणि वसंतात सुटत असतो तेव्हा बोटही चालत नाही आणि बर्फावर वजनही पेलत नाही, ते काही आठवडे जीव मुठीत धरून जायचे. किराणा संपला, म्हाताऱ्या माणसाला डायलिसिसला न्यायचंय, बाळंतपण आलंय, पोरांना पलीकडच्या शाळेत जायचंय, माणसं पायी निघायची, हातात लांब काठी घेऊन, पुढचा बर्फ ठोकून बघत. बर्फ फुटून माणसं बुडाली, गावातल्या बहुतेक घरांना अशी आठवण आहे. अॅम्ब्युलन्स येत नव्हती, आग लागली तर बंब येत नव्हता, कचरा बाहेर नेता येत नव्हता म्हणून तो बेटावरच साठायचा. २०१५ मध्ये बार्ज तपासणीत नापास झाली आणि गावाला आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण तेवढी एक बार्ज म्हणजे त्यांचा सगळा हायवे.

पाण्याचं गणितही यातूनच बिघडलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये गावाला पाणी उकळून पिण्याची सूचना लागू झाली, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. हा जंतू असा चिवट असतो की क्लोरीन टाकून मरत नाही, त्याला चांगलं गाळण किंवा अतिनील किरणांची यंत्रणा लागते, म्हणजे नीट शुद्धीकरण केंद्र हवं. केंद्र बांधायचं तर सिमेंट, लोखंड, यंत्रं, कामगार सगळं बार्जनं किंवा बर्फावरून न्यायचं, त्यामुळे अंदाजपत्रक फुगायचं, आणि ओटावा म्हणायचं एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च परवडत नाही. म्हणजे रस्ता नाही म्हणून केंद्र नाही, केंद्र नाही म्हणून पाणी नाही, पाणी आणि रस्ता नाही म्हणून नोकऱ्या नाहीत, नोकऱ्या नाहीत म्हणून लोक जवळच्या केनोरा शहरात नाहीतर विनिपेगला निघून जातात, आणि लोक कमी म्हणून परत खर्च परवडत नाही. हे चक्र एकदा डोक्यात बसलं की इतर अनेक रिझर्व्हच्या बातम्याही कळायला लागतात. मधल्या काळात लोक काय प्यायचे, तर मोठ्या निळ्या बाटल्यांतलं विकतचं पाणी, बार्जवरून उतरवलेलं, बर्फावरून ओढून आणलेलं, पायऱ्या चढून घरात नेलेलं. या परिस्थितीत वाढलेल्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीनं आपल्या घरचा नळ थेट ओठाला लावलेला नाही. २०१५ च्या जानेवारीत विनिपेगला दोन दिवस पाणी उकळायची सूचना आली होती, ती पण चाचणीतल्या चुकीमुळे, तर दुकानांतल्या बाटल्या भराभर संपल्या आणि देशभर बातम्या झाल्या. शोल लेक ४० ला तेव्हा अठरा वर्षं पूर्ण होत आली होती.

या लोकांनी काही करायचा प्रयत्न केला नाही असं अजिबात नाही. १९८० च्या सुमारास गावानं सुट्टीतल्या बंगल्यांसाठी साडेतीनशे प्लॉट पाडायचं ठरवलं होतं, चांगलं उत्पन्न झालं असतं, पण शहराला वाटलं आपलं पाणी घाण होईल, आणि विरोध झाला. १९८९ मध्ये शहर, मॅनिटोबा सरकार आणि गाव यांच्यात करार झाला, ६० लाख डॉलर ट्रस्टमध्ये ठेवले आणि गावानं पाण्याला धोका होईल असे उद्योग न करण्याचं मान्य केलं. मासेमारी हा दुसरा आधार होता, वॉलाय नावाच्या माशाला चांगला भाव, पण तलावातली संख्या कोसळली आणि १९८३ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारनं तो धंदा बंद केला. म्हणजे शहराच्या पाण्याच्या शुद्धतेसाठी गावाचा विकास थांबवलेला आणि त्याच गावाला शुद्ध पाणी नाही, यात चुकीचं काय आहे हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

शाळेबद्दल लिहायलाच हवं. १९०२ मध्ये शोल लेकच्या काठी सेसिलिया जेफ्री नावाची निवासी शाळा निघाली, प्रेस्बिटेरियन चर्चची. इथल्या प्रमुखांना शिक्षण हवं होतं, इंग्रजी आणि हिशोब आल्याशिवाय गोऱ्यांशी व्यवहार करता येणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी चर्चकडून अटी लिहून घेतल्या, पालकांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, मुलांना कष्टाच्या कामाला जुंपायचं नाही, सणासमारंभाला घरी न्यायची मुभा हवी. किती सावध आणि शहाणी माणसं होती बघा. पण निवासी शाळांची सगळी व्यवस्थाच मुलांची भाषा आणि घर तोडण्यासाठी उभी होती, १९२० च्या कायद्यानं हजेरी सक्तीची झाली, आणि कागदावरच्या अटी कागदावरच राहिल्या. शाळा १९२९ मध्ये केनोराजवळ हलली. तिथूनच ऑक्टोबर १९६६ मध्ये चेनी वेनजॅक नावाचा बारा वर्षांचा मुलगा घरी जायला पळाला, घर सुमारे ६०० किलोमीटर लांब होतं, पातळ जॅकेट घालून रेल्वेच्या रुळांशेजारून चालत राहिला आणि थंडीत गारठून मेला. देशभरात दीड लाखांहून जास्त मुलं अशा शाळांत गेली, सरकारनं जाहीर माफी मागितली ती २००८ मध्ये. आज एखाद्या रिझर्व्हवर आजीला भाषा येते आणि आईला येत नाही, किंवा घरात दारूचा प्रश्न आहे, तर त्याच्या मागे ही शाळा असते हे विसरून चालत नाही.

आणि तरीही गाव हे नुसतं दुःखाचं नाव नाही, बाहेरून लिहिणारे नेमकं हेच विसरतात. उन्हाळ्यात पाव-वाव, म्हणजे नाचगाण्याचा मेळावा, होतो, मोठ्या ढोलाभोवती पाच-सहा जण बसून एका ठेक्यात वाजवतात आणि गातात, ढोल म्हणजे त्यांच्यासाठी जिवंत नातेवाईक, त्याला कुणी ओलांडून जात नाही. बायकांच्या जिंगल ड्रेसला धातूच्या छोट्या नळकांड्या शेकड्यानं शिवलेल्या असतात, नाचताना पावसासारखा आवाज येतो, आणि हा नाच आजारी माणसाला बरं करण्यासाठी नाचतात, शंभरेक वर्षांपूर्वी ओजिब्वे लोकांमध्येच तो सुरू झाला. जुलै-ऑगस्टमध्ये खडकांवर ब्लूबेरी पिकतात तेव्हा अख्खी घरं डबे घेऊन जातात. हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून मासेमारी, हॉकी, बिंगो, मूस या मोठ्या हरणाची शिकार झाली की मांस वाटून खायचं, म्हाताऱ्या माणसांचा वाटा आधी. कुणी वारलं तर रात्रभर आगीजवळ माणसं बसतात आणि गावातला प्रत्येकजण काहीतरी शिजवून आणतो.

लढा त्यांनी ज्या पद्धतीनं दिला तो मला विशेष भावतो. २०१४ मध्ये विनिपेगमध्ये मानवी हक्कांचं भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, आत सुंदर पाण्याची तळी, आणि ते पाणी अर्थातच शोल लेकचं. तेव्हा गावानं आपल्याच वस्तीत दुसरं संग्रहालय जाहीर केलं, कॅनडानं केलेल्या मानवी हक्कभंगांचं जिवंत संग्रहालय, काचेच्या पेट्या नाहीत, या आणि बघा, हा कालवा, ही बार्ज, या बाटल्या. लोक खरंच यायला लागले, विद्यार्थी, पत्रकार, चर्चमधली माणसं. विनिपेगच्या सामान्य नागरिकांना पहिल्यांदाच कळलं की आपला नळ कुठून येतो, आणि त्यांनी घरासमोर, चर्चसमोर रस्ता बांधा असे फलक लावले. चीफ अर्विन रेडस्काय आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तीन सरकारांच्या दारात जात राहिले, आणि शेवटी केंद्र, प्रांत आणि शहर तिघांनी खर्च वाटून घेतला, ३ जून २०१९ ला २४ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. नाव लोकांनीच आधीपासून ठरवलेलं, फ्रीडम रोड. पाणी शहरात पोचल्यापासून बरोबर शंभर वर्षं झाली होती. तो रस्ता पुलावरून त्याच कालव्याला ओलांडतो.

रस्ता झाला आणि ते चक्र उलट फिरायला लागलं, ट्रक थेट गावात येऊ लागले, शुद्धीकरण केंद्राचा खर्च आवाक्यात आला, सुमारे ३.३ कोटी डॉलरचं केंद्र उभं राहिलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये चीफ व्हर्नन रेडस्काय यांच्या काळात ती सूचना उठली. नळाचं पाणी पिता यायला लागलं. चोवीस वर्षं जे परवडत नव्हतं ते रस्ता झाल्यावर दोन-सव्वादोन वर्षांत झालं, यावरून अडचण कुठे होती ते दिसतंच.

सगळीकडे असं झालेलं नाही. ऑन्टॅरिओच्या उत्तरेला नेस्कांटागा नावाची वस्ती आहे, तिथे ही सूचना १९९५ मध्ये लागली, देशातली सर्वात जुनी, आणि तिथे बारमाही रस्ता नाही, विमान किंवा हिवाळ्यातला बर्फाचा रस्ता. कर्व्ह लेक, टटास्क्वेयाक आणि नेस्कांटागा या तीन वस्त्यांनी सरकारवर दावे लावले आणि २०२१ मध्ये ८०० कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यात भरपाईही आहे आणि पुढच्या पाणीयोजनांसाठीची बांधिलकीही. शोल लेकच्याच काठावर शेजारी इस्काटेविझागेगन ३९ ही दुसरी वस्ती आहे, तिचा आणि विनिपेगचा पाण्याच्या मोबदल्याचा प्रश्न वेगळाच चाललेला आहे, कारण शहर त्या तलावातलं पाणी आजही त्याच नालीतून रोज घेतंय.